विश्लेषण : चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला नेमके काय घडते? भाडे, कमिशन आणि ‘लाल टिकली’चे गणित काय?

छोट्या कलादालनातले प्रदर्शन आठवडाभरच चालते, त्यामागे चित्रकाराचे वर्षभराचे काम आणि अनेकदा लाखभर रुपये असतात. तो पैसा परत येणार की नाही, याचा अंदाज पहिल्या संध्याकाळीच येऊ लागतो.

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालनात मंगळवारी संध्याकाळी गेल्यास एकाच छताखाली एकापेक्षा अधिक उद्घाटने सुरू असलेली दिसू शकतात. एका दालनात समई पेटवली जात असते. शेजारच्या दालनात प्रमुख पाहुणे वाहतुकीत अडकलेले असतात. भिंतीवर चित्रे असतात आणि जमलेल्या बहुतेकांची पाठ चित्रांकडे असते. बाहेरच्या पायऱ्यांवर एखादा माणूस थांबतो, आत डोकावतो, आपल्या पायातल्या चपलांकडे बघतो आणि पुढे निघून जातो. प्रवेश मोफत आहे, निमंत्रण लागत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचे किंवा घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक भवन, ठाण्यात कलाभवन अशा ठिकाणी चित्र थोडेफार असेच. तिथे प्रदर्शने अनेकदा दोन-तीन दिवसांचीच असतात, त्यामुळे उद्घाटनाच्या संध्याकाळचे वजन आणखी वाढते.

उद्घाटन मंगळवारीच का?

जहांगीरमध्ये आठवडा मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपतो. सोमवारी संध्याकाळी एका चित्रकाराची चित्रे उतरतात आणि मंगळवारी दुसऱ्याची भिंतीवर असतात. मांडणीला वेळ जेमतेम मिळतो. दालने भाड्याने मिळतात, त्यासाठी अर्ज करावा लागतो, कामाचे नमुने पाहून निवड होते आणि तारीख मिळेपर्यंत काही वर्षे जातात. ज्या चित्रांच्या जोरावर अर्ज केला ती चित्रे तारीख येईपर्यंत चित्रकाराला जुनी वाटू लागलेली असतात, ही यातली गंमतही आणि अडचणही.

इतकी वाट लोक का पाहतात, याचे उत्तर इतिहासात आहे. १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी वार्षिक प्रदर्शने भरवत होती, पण शहरात चित्रकारांसाठी कायमचे मोठे दालन नव्हते. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांच्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’चे १९४९ मधील मुंबईतले प्रदर्शन रॅम्पार्ट रोवरच्या सोसायटीच्या छोट्या जागेत झाले. त्याचे उद्घाटन लेखक मुल्कराज आनंद यांनी केले होते. जहांगीर कलादालन त्यानंतर, १९५२ मध्ये उभे राहिले. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ त्यासाठी देणगी दिली, दुर्गा बाजपेयी यांनी वास्तूची रचना केली आणि तत्कालीन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी उद्घाटन केले. नावाला आलेले वजन तेव्हापासूनचे आहे. निमंत्रणपत्रिकेवर ‘जहांगीर’ हा शब्द छापता यावा, यासाठीही अनेक जण वाट पाहतात.

भाड्याचे दालन आणि खासगी गॅलरी यांत फरक काय?

बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पांढऱ्या भिंती, वरून पडणारा प्रकाश, कोपऱ्यात टेबल. फरक आहे तो जोखीम कोणाची, यात.

भाड्याच्या दालनात सगळा खर्च चित्रकाराचा. भाडे, फ्रेम, टेम्पो, निमंत्रणे, कॅटलॉग, चहापाणी, सगळे तोच करतो. चित्र विकले तर पैसेही मुख्यतः त्याचेच. काही दालने विक्रीवर ठरावीक हिस्सा घेतात. खासगी गॅलरी चित्रकाराकडून भाडे घेत नाही. ती त्याची निवड करते, प्रसिद्धी करते, आपल्या ओळखीच्या संग्राहकांना बोलावते आणि विक्रीतून कमिशन कापून घेते. हे कमिशन साधारण एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत असू शकते. ‘निम्मे?’ असे ऐकणारा दचकतो. म्हणून एक काल्पनिक हिशेब करून पाहू.

समजा, चित्रकाराकडे २० चित्रे आहेत आणि प्रत्येकाची किंमत २५ हजार रुपये आहे. फ्रेमसाठी प्रत्येकी ३ हजार, म्हणजे ६० हजार. दालनाचे भाडे ४० हजार, कॅटलॉग व निमंत्रणे २५ हजार, वाहतूक १५ हजार, उद्घाटनाचा खर्च १० हजार. एकूण दीड लाख. म्हणजे सहा चित्रे विकली गेली की खर्च निघाला. रंग, कॅनव्हास आणि वर्षभराची मेहनत यात धरलेलीच नाही.

आता हीच २० चित्रे खासगी गॅलरीत ४० टक्के कमिशनवर लावली. फ्रेमचे ६० हजार चित्रकाराचे, बाकी खर्च गॅलरीचा. प्रत्येक चित्रामागे हातात १५ हजार येतात. खर्च निघायला चारच चित्रे पुरतात. नऊ चित्रे विकली तर दोन्हीकडे शिल्लक सारखीच राहते, ७५ हजार रुपये. नवाच्या पुढे भाड्याचे दालन फायद्याचे, नवाच्या खाली खासगी गॅलरी. आणि एकही चित्र गेले नाही तर भाड्याच्या दालनात दीड लाखाचा खड्डा पडतो, गॅलरीत ६० हजारांचा.

प्रत्यक्षातले आकडे शहरागणिक बदलतात, पण ताळेबंदाचा आकार हाच राहतो. ज्याचे नाव झालेले नाही, ज्याला नऊ गिऱ्हाइके मिळण्याची खात्री नाही, त्याच्यासाठी खासगी गॅलरी सोयीची. पण खासगी गॅलरी शक्यतो नाव होऊ लागलेल्यालाच घेते. त्यामुळे सर्वांत मोठी जोखीम सर्वांत नवख्या चित्रकाराच्या खांद्यावर येते. पालिकेची स्वस्त दालने महत्त्वाची ठरतात ती यामुळे. जहांगीरचा पावसाळ्यातला नवोदितांसाठीचा ‘मान्सून शो’ही याच कारणाने हवाहवासा वाटतो.

लाल टिकली म्हणजे काय?

चित्राशेजारच्या नावाच्या पट्टीवर चिकटवलेली छोटी लाल गोल टिकली म्हणजे चित्र विकले गेले. अर्धी टिकली किंवा वेगळ्या रंगाची टिकली असेल तर ते कोणीतरी राखून ठेवले आहे, पैसे अजून यायचे आहेत. विकलेले चित्र खरेदीदाराला सहसा लगेच मिळत नाही. प्रदर्शन संपेपर्यंत ते भिंतीवरच राहते. मधेच काढले तर भिंतीवर रिकामी जागा दिसते आणि नंतर येणाऱ्याला चित्र बघायलाच मिळत नाही.

टिकलीचे खरे काम मात्र उद्घाटनाच्या संध्याकाळी होते. चित्राची किंमत बरोबर आहे की नाही, हे ठरवण्याचा कोणताही सोपा मार्ग नव्या खरेदीदाराकडे नसतो. सोन्यासारखा भाव नाही, फ्लॅटसारखा चौरस फुटाचा दर नाही. अशा वेळी आधीच्या तीन टिकल्या चौथ्या माणसाला धीर देतात. त्यामुळे पहिली टिकली शक्य तितक्या लवकर लागावी, अशी चित्रकाराची धडपड असते. जवळचा मित्र किंवा जुना गिऱ्हाईक संध्याकाळी सहा वाजता हजर हवा, यासाठी आठवडाभर आधीपासून फोन सुरू असतात. विक्री झालेली नसताना टिकल्या लावल्याचे किस्सेही कलावर्तुळात चवीने सांगितले जातात. ते किस्से खरे किती, हे टिकली लावणाऱ्यालाच ठाऊक.

ही उद्घाटनाची प्रथा आली कुठून?

पाश्चात्त्य देशांत उद्घाटनाला ‘व्हर्निसाज’ हा फ्रेंच शब्द वापरतात. त्याचा मूळ अर्थ वॉर्निश लावणे. प्रदर्शन लोकांसाठी उघडण्याआधी चित्रकार भिंतीवर टांगलेल्या चित्रांवर शेवटचा हात फिरवत, वॉर्निश चढवत. लंडनच्या रॉयल अकॅडमीत सभासदांसाठी असे खास दिवस १८०९ पासून राखून ठेवलेले होते. ओळखीपाळखीचे लोक तेव्हाच डोकावू लागले आणि हळूहळू त्याचा समारंभ झाला.

या दिवसांतला १८३२ चा एक प्रसंग प्रसिद्ध आहे. जॉन कॉन्स्टेबल यांचे ‘वॉटर्लू पुलाचे उद्घाटन’ हे भडक रंगांचे चित्र आणि जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांचे करड्या समुद्राचे चित्र शेजारीशेजारी लागले होते. कॉन्स्टेबल आपल्या चित्रातल्या नौकांवर आणखी शेंदरी रंग चढवत होते. टर्नर आले, दोन्ही चित्रांकडे पाहिले, आपल्या करड्या समुद्रावर नाण्याएवढा एक लाल ठिपका ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. एवढ्या एका ठिपक्याने शेजारचे सगळे लाल रंग फिके पडले. नंतर येऊन त्यांनी त्या ठिपक्याला पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा आकार दिला. त्या लाल ठिपक्याचा आजच्या विक्रीच्या टिकलीशी काही संबंध नाही, पण शेजारच्या चित्राने आपले चित्र मारले जाऊ नये, ही काळजी आजही मांडणीच्या दिवशी प्रत्येक समूह प्रदर्शनात दिसते.

महाराष्ट्रातल्या उद्घाटनाने मात्र आपला वेगळाच घाट घेतला आहे. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, पाहुण्यांचे मनोगत, आभार. प्रमुख पाहुणे नगरसेवक, उद्योजक किंवा अभिनेते असतील तर मनोगताची सुरुवात बहुधा ‘मला चित्रातले फारसे कळत नाही’ अशी होते आणि पुढची पंधरा मिनिटे ते सिद्ध होत राहते. पण पाहुण्यांमुळे वृत्तपत्रात फोटो येतो, त्यांच्यासोबत चार खरेदीदार येऊ शकतात, म्हणून चित्रकार हात बांधून ऐकून घेतो. खासगी गॅलऱ्यांनी भाषणांना फाटा दिला आहे. तिथे ‘प्रिव्ह्यू’ असतो. सहा ते नऊ, यावे, बघावे, बोलावे.

छोट्या जागेने काय साधते?

याचे उत्तम उदाहरण जहांगीरच्याच इमारतीत घडले. खाली भाड्याची दालने आणि १९६३ पासून पहिल्या मजल्यावरच्या छोट्या जागेत केकू आणि खोर्शेद गांधी यांची ‘गॅलरी केमोल्ड’. गांधींचा मूळ व्यवसाय चित्रांच्या फ्रेम बनवण्याचा, तो १९४० च्या दशकातला. फ्रेमच्या दुकानात ते तरुण चित्रकारांची चित्रे लावत. कोणती चित्रे फ्रेममध्ये चांगली दिसतात, यापासून सुरू झालेला प्रवास कोणता चित्रकार चांगला, इथपर्यंत आला.

या छोट्या जागेत सत्तरच्या दशकाच्या मध्यात डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे लागली. वारली चित्रे तोवर लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर स्त्रिया काढत. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी मशे यांचा हात ओळखला, कागद दिला आणि ते काम शहरापर्यंत पोहोचवले. गावातल्या कुडाच्या भिंतीवरून शहरातल्या पांढऱ्या भिंतीवर येताना त्या चित्राला फ्रेम मिळाली, किंमत मिळाली आणि काढणाऱ्याचे नाव मिळाले. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज वारली आकृत्या साड्यांपासून मेट्रोच्या खांबांपर्यंत सगळीकडे दिसतात आणि काढणाऱ्याचे नाव पुन्हा गायब झाले आहे, ही वेगळी कथा.

पहिल्या मजल्यावर अशी जोखीम घेणे शक्य झाले, कारण तिथे कोणाला घ्यायचे हे अर्जांच्या रांगेवर नाही तर दोन माणसांच्या नजरेवर ठरत होते. अतुल दोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन १९८९ मध्ये इथेच झाले. नजर चुकली तर नुकसान गॅलरीचे. खालच्या दालनांत ही मुभा नाही, पण तिथे दुसरी गोष्ट आहे. जो ओळखीचा नाही त्यालाही रांगेत उभे राहून भिंत मिळू शकते. केमोल्ड २००७ मध्ये फोर्टमधल्या मोठ्या जागेत गेली.

त्या इमारतीचे तिसरे अंग म्हणजे ‘समोवार’ हे उपाहारगृह, १९६४ ते २०१५. एकही चित्र विकत न घेता माणसे तिथे तासन् तास बसत. प्रदर्शन बघायला आलेला आणि चहाला आलेला यांत फरक करणे कठीण असे, आणि गॅलरीची भीती मोडायला ते फार उपयोगी होते. ते बंद झाल्यापासून ती सोय गेली.

चित्र टांगण्यामागेही शास्त्र आहे?

आहे, आणि ते साधे आहे. चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर, म्हणजे सरासरी उंचीच्या माणसाच्या नजरेसमोर ठेवतात. त्यामुळे लहानमोठी चित्रे एका ओळीत लावली तर त्यांच्या वरच्या कडा नव्हे, मध्य जुळतात. हुकची जागा काढायची तर १४५ मध्ये फ्रेमची निम्मी उंची मिळवायची आणि तार ताणल्यावर ती वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितके वजा करायचे. फ्रेम ८० सेंटिमीटर उंच, तार ८ सेंटिमीटर खाली, तर हुक १७७ वर. घरी चित्र लावतानाही हेच सूत्र चालते. आपल्याकडे चित्रे घरात फार वर टांगली जातात, बहुधा देवाच्या तसबिरींच्या सवयीने.

प्रकाशाचे गणित थोडे नाजूक आहे. जलरंग आणि कागदावरच्या कामासाठी संग्रहालये सुमारे ५० लक्स, तर तैलरंगांसाठी २०० लक्सच्या आसपासची मर्यादा पाळतात, कारण जास्त प्रकाशात रंग उडतात. जलरंगांची खोली अंधुक वाटते ती त्यामुळे. आठवडाभराच्या भाड्याच्या दालनात इतके कोणी मोजत नाही, पण विकत घेतलेले जलरंगचित्र खिडकीसमोर लावू नये.

चित्र विकत घेतले म्हणजे नेमके काय मिळाले?

कॅनव्हास मिळाला, कॉपीराइट नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो चित्रकाराकडेच राहतो, लेखी करार करून दिला असेल तरच खरेदीदाराकडे येतो. पैसे देऊन खास काढून घेतलेल्या चित्राबाबत नियम वेगळा आहे. तिथे उलट करार नसेल तर काढून घेणारा मालक. म्हणजे प्रदर्शनातून घेतलेले चित्र दिवाणखान्यात लावता येईल, पुन्हा विकताही येईल, पण कंपनीच्या कॅलेंडरवर छापता येणार नाही.

पुनर्विक्रीबाबत कायद्यात कलम ५३ अ आहे, १९९४ च्या दुरुस्तीने आलेले. मूळ चित्र १० हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा वारसांना जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत वाटा मिळण्याची त्यात तरतूद आहे. कागदावर चांगली, मात्र चित्र पुन्हा कधी, कोणाला, कितीला विकले गेले, हे चित्रकाराला कळायला तर हवे.

कराचे सांगायचे तर, हाताने काढलेल्या चित्रांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. महाराष्ट्रातच विक्री करणाऱ्या आणि वर्षाला ४० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या चित्रकाराला सहसा नोंदणीच लागत नाही, त्यामुळे त्याच्याकडून थेट घेताना हा प्रश्न येत नाही. पावती आणि चित्राच्या अस्सलतेचे सहीचे पत्र मात्र दोन्हीकडे मागावे.

गुंतवणूक म्हणून घ्यावे का? हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ १९५४ मध्ये कामानिमित्त दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरने घेतले, ते ओस्लोच्या रुग्णालयात अनेक वर्षे टांगलेले होते आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. अशा बातम्या वाचून गॅलरीत जाणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे की त्या काळात विकली गेलेली इतर बहुतेक चित्रे पुढे कुठल्याच लिलावात आलेली नाहीत. रोज बघायला आवडेल ते घ्यावे, बाकी लॉटरी.

निमंत्रण नसेल तर जाता येते का?

भाड्याच्या आणि पालिकेच्या दालनांत थेट जाता येते. खासगी गॅलरीच्या प्रिव्ह्यूलाही बहुतेकदा कोणी अडवत नाही. शंका असेल तर त्यांच्या समाजमाध्यमांवरील पोस्टमध्ये वेळ पाहावी. मुंबईत वर्षातून एकदा होणाऱ्या ‘गॅलरी वीकेंड’मध्ये तर लोकांनी यावे हाच हेतू असतो. कपड्यांचा नियम नाही. किंमत भिंतीवर लिहिलेली नसते, ती टेबलावरच्या यादीत असते. यादी मागितली म्हणजे घ्यायलाच हवे असे नाही. फोटो विचारून काढावा, फ्लॅश नको. चित्रकार सहसा तिथेच बसलेला असतो आणि ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न त्याला त्या आठवड्यात शंभर वेळा विचारलेला असतो. त्याऐवजी ‘हे कसे केले’ असे विचारले तर तो खुर्चीवरून उठून चित्राजवळ येतो.

चित्रे खरोखर बघायची असतील तर उद्घाटनाला जाऊ नये. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी जावे. दालनात चित्रकार, एखादा विद्यार्थी आणि उन्हातून आत आलेला कोणीतरी, एवढेच असतात.

शेवटच्या दिवशी किंमत कमी होते का?

कधी कधी होते. न विकलेली चित्रे परत न्यायला टेम्पो लागतो आणि घरात जागा नसते, त्यामुळे सोमवारी संध्याकाळी सहानंतर काही चित्रकार ऐकतात. मात्र मंगळवारी पूर्ण किमतीला घेणारा पहिला माणूस ओळखीचाच असतो, आणि त्याला हे नंतर कळले तर पुढच्या प्रदर्शनाची पहिली टिकली कोण लावणार, हा हिशेबही चित्रकाराच्या डोक्यात असतो. म्हणून अनेक जण सवलत देण्याऐवजी फ्रेम मोफत देतात, हप्ते मान्य करतात किंवा एखादे छोटे रेखाटन सोबत देतात. साडेसहाला बबल रॅप उलगडायला सुरुवात होते. दाराशी दुसऱ्या चित्रकाराची खोकी येऊन पडलेली असतात.